पाच मिनिटांत घडणारा मासा

ब्लूफिशच्या जबड्यात दातांची एकच ओळ असते, पण तिच्यातला प्रत्येक दात टोकदार आणि धारदार असतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, न्यू जर्सीच्या आसपास, या माशांचा थवा लहान मासळीच्या मागे लागून उथळ पाण्यात शिरला की पाण्यावर अर्धेमुर्धे तुटलेले मासे तरंगू लागतात. अशा थव्यात फ्लाय टाकणाऱ्याला मासा मिळतो. फ्लाय मात्र वाचत नाही. हरणाच्या शेपटीचे केस धाग्याने गळावर बांधून केलेली फ्लाय दोन-चार माशांत उलगडते आणि हाती उरतो तो नुसता गळ आणि लोंबणारा धागा.

याच किनाऱ्यावर १९७०च्या दशकात बॉब पोपोविक्स हा फ्लाय बांधणारा माणूस फ्लायच्या पुढच्या भागावर, धाग्याचे वेढे झाकतील अशा बेताने, दोन भागांचे एपॉक्सी चढवू लागला. हेतू टिकाऊपणाचा होता. पण पुढे हरणाच्या केसांऐवजी अर्धपारदर्शक कृत्रिम केस मिळू लागले, त्यांच्यावर तोच लेप बसला आणि काचेसारख्या अंगाचा, आतून चमकणारा एक छोटा मासा तयार झाला. सर्फ कँडी या नावाने ही फ्लाय आज जगभरच्या खाऱ्या पाण्यात वापरली जाते. धागा सांभाळण्यासाठी आणलेला लेप माशाचे अंगच होऊन बसला, ही या कलेतली मोठी उलथापालथ.

पीस, लोकर, केस, धागा या फ्लायच्या बाकीच्या वस्तू हातात येतात तशाच शेवटपर्यंत राहतात. एपॉक्सी तेवढे बांधणाऱ्याच्या टेबलावर, त्याच्या डोळ्यांदेखत तयार होते आणि तयार होताना त्याच्यासाठी थांबत नाही. त्यामुळे एपॉक्सीची फ्लाय करणाऱ्याला बोटांइतकेच घड्याळही कळावे लागते.

गळ, पीस आणि वार्निश

कोकणात गरवायला बसलेला माणूस गरीला कोळंबी किंवा मासळीचा तुकडा लावतो, दोरीला शिसे बांधतो आणि शिशाच्या वजनाने गरी लांब जाते. फ्लाय-फिशिंगमध्ये खरे आमिष नसते आणि फेकण्यासाठी शिसेही नसते. वजन असते ते जाडसर दोरीतच. लवचीक काठीने ती दोरी मागे-पुढे झुलवून फेकतात आणि तिच्या टोकाच्या बारीक नायलॉनला बांधलेली फ्लाय तिच्यामागोमाग जाते. फ्लाय म्हणजे किडा, अळी किंवा छोटा मासा वाटावा असा सजवलेला गळ. ती जड झाली की दोरी तिला नीट वाहून नेत नाही. एपॉक्सी किती चढवायचे याला पहिली मर्यादा इथेच पडते.

ही कला जुनी आहे. इ. स. २००च्या सुमारास क्लॉडियस एलियन या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या मच्छीमारांचे वर्णन करून ठेवले आहे. ते गळाला लाल लोकर गुंडाळत आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याशी लोंबणाऱ्या लाल मांसाखालची दोन पिसे बांधत. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापल्या गेलेल्या गळाच्या मासेमारीवरील एका ग्रंथात बारा फ्लायची कृती महिन्यांच्या क्रमाने दिलेली आहे. शतकानुशतके कृती बदलत गेल्या, पण शेवटची अडचण तीच राहिली: धाग्याची गाठ सुटू नये म्हणून काय करायचे?

मेण, लाखेचे वार्निश, नंतर सेल्युलोजचा लॅकर असे उपाय होत गेले. या वार्निश-लॅकरचे काम एकाच पद्धतीने चालते. घन पदार्थ द्रावकात विरघळवलेला असतो. द्रावक उडून गेला की मागे पातळ पापुद्रा राहतो. बाटलीतून घेतलेल्या थेंबाचा बराचसा भाग हवेत जातो. गाठ पक्की करायला तेवढा पापुद्रा पुरतो, पण त्यातून अंग उभे राहत नाही. जाड थर दिलाच, तर वरून कातडी धरते आणि आतला भाग ओला राहतो. एपॉक्सीतून मात्र जवळजवळ काहीच उडून जात नाही. जेवढे लावले तेवढेच टणक होते, म्हणून त्याला आकार देता येतो.

कवळीसाठी शोधलेली राळ

एपॉक्सीचा जन्म मासेमारीपासून फार दूर झाला. स्वित्झर्लंडमधला रसायनतज्ज्ञ पिएर कास्तां हा दे त्रे या दंतवैद्यकीय साहित्य बनवणाऱ्या कंपनीत कवळीसाठी नवा पदार्थ शोधत होता. कवळीला लागतो साच्यात ओतता येणारा आणि घट्ट होताना फारसा न आकसणारा पदार्थ. कास्तांच्या राळेत हा गुण होता आणि १९३८ मध्ये त्याने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. कवळ्यांच्या धंद्यात तिचे फारसे काही झाले नाही. तिचे हक्क बाझलच्या सिबा कंपनीकडे गेले आणि १९४६ मध्ये बाझलच्या औद्योगिक मेळ्यात ती अ‍ॅराल्डाइट या नावाने, चिकटवण्याचे द्रव्य म्हणून, लोकांपुढे आली. याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यानेही तशाच राळा तयार केल्या. त्यांचा रोख रंग आणि लेपांकडे होता.

आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या अ‍ॅराल्डाइटच्या दोन ट्यूब घराघरांत ठाऊक आहेत. तुटलेली मूर्ती, कपाची कडी, चप्पल, काहीही जोडायला त्या बाहेर निघतात. फ्लाय बांधणारा वापरतो ते याच कुळातले, फक्त जास्त पारदर्शक. कवळीसाठी शोधलेली राळ तीन-चार दशकांनी अशी ब्लूफिशच्या दातांपुढे उभी राहिली आणि तिथे टिकली.

दोन ट्यूबमध्ये काय असते

पहिल्या ट्यूबमध्ये राळ असते. बिस्फेनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांच्या संयोगातून ती बनते. तिच्या रेणूच्या दोन्ही टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचा छोटा त्रिकोण असतो. इतक्या अरुंद कोनात वाकून राहणे कार्बनच्या बंधांना मानवत नाही, म्हणून हा त्रिकोण कायम ताणात असतो आणि संधी मिळताच उघडतो. ती संधी दुसऱ्या ट्यूबमधला हार्डनर देतो. सावकाश घट्ट होणाऱ्या एपॉक्सीत हार्डनर अमाइन वर्गातला असतो. पाच मिनिटांच्या एपॉक्सीत बहुधा गंधकयुक्त मर्कॅप्टन असते. ट्यूब उघडताच येणारा उग्र वास त्याचाच. हार्डनरचा रेणू त्रिकोण उघडतो आणि स्वतः तिथे कायमचा जोडला जातो. त्याला जोडणीच्या अनेक जागा असल्याने एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे करत सगळ्या थेंबाचे मिळून एकच जाळे होते. हे जाळे पुन्हा वितळत नाही.

या रसायनातून बांधणाऱ्याच्या कामाचे काही नियम निघतात. पहिला नियम प्रमाणाचा. हार्डनरचे रेणू स्वतः जाळ्यात गुंफले जातात, त्यामुळे ते मोजकेच हवेत. जास्त हार्डनर घातला की लवकर घट्ट होईल, हा समज पक्का रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. जास्तीच्या रेणूंना जोडीदार मिळत नाही आणि फ्लाय रबरासारखी मऊ किंवा कायमची चिकट राहते. पाकिटावर समान भाग लिहिले असतील तर दोन्ही थेंब खरोखर समान हवेत. थेंब लहान असले की डोळ्याला फसगत कळत नाही. म्हणून थेंबांऐवजी सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या दोन रेघा शेजारी-शेजारी काढणे जास्त भरवशाचे.

दुसरा नियम उष्णतेचा. त्रिकोण उघडताना उष्णता बाहेर पडते आणि ती उष्णता पुढची क्रिया आणखी वेगाने घडवते. छोट्या वाटीत एकत्र साठलेले एपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापते आणि अचानक आळते. तेच कागदावर पातळ पसरले तर उष्णता निघून जाते आणि दोन-तीन मिनिटे जास्त मिळतात. हवामानाचाही हिशेब यातच येतो. ढोबळ मानाने तापमान दहा अंशांनी वाढले की क्रियेचा वेग दुप्पट होतो. थंड देशातल्या माणसाला पाच मिनिटे देणारे एपॉक्सी आपल्या एप्रिल-मेमध्ये त्याच्या निम्मा वेळही देत नाही. पावसाळ्यात वेगळी भानगड होते: हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड अमाइन हार्डनरशी संयोग पावून पृष्ठभागावर धुरकट, चिकट थर आणतात.

तिसरा नियम मिसळण्याचा. राळ आणि हार्डनर एकमेकांत आपोआप मिसळत नाहीत. बारीक काडीने निदान मिनिटभर, कडा खरवडून मध्ये आणत ढवळावे लागते. घाईने घोटले तर हवेचे बुडबुडे शिरतात. हळू ढवळले तर कमी शिरतात. ट्यूब आधी कोमट पाण्यात ठेवल्या तर राळ पातळ होते आणि बुडबुडे सहज वर येतात, पण त्या उबेची किंमत वेळेतून चुकवावी लागते.

वेळ कळायला घड्याळाबरोबर काडीही लागते. साखरेचा पाक करताना जशी बोटांमध्ये तार पाहतात, तसे काडी उचलून पाहायचे. सुरुवातीला थेंब सरळ गळून पडतो, मग त्याची लांब तार निघते, मग तार तुटून मागे आखडते. थेंब गळतो तोवर लेप द्यायचा, तार लांब निघते तेव्हा आकार द्यायचा, तार आखडू लागली की हात काढून घ्यायचा. त्यानंतर एकदा जरी ढवळले तर पृष्ठभागावर ओरखडा उठतो आणि तो तसाच गोठतो.

एक फ्लाय, जवळून

आता सर्फ कँडी कशी घडते ते पाहू. वाइसमध्ये, म्हणजे गळ धरणाऱ्या छोट्या चिमट्यात, आखूड दांड्याचा, न गंजणारा स्टीलचा गळ पकडतात. धागा शक्यतो रंगहीन, बारीक नायलॉनचा घेतात, म्हणजे लेपाखाली तो दिसत नाही. दांड्यावर आधी पांढऱ्या कृत्रिम केसांची विरळ जुडी, तिच्यावर चकाकत्या पट्ट्यांच्या दोन-चार काड्या आणि सर्वात वर हिरवट किंवा करड्या केसांची जुडी बांधतात. पोट फिके, पाठ गडद, मधोमध रुपेरी रेघ. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर ब्लूफिश ज्यांच्या मागे लागतो ते मासे असेच दिसतात: अंगावर रुपेरी पट्टा असलेला सिल्व्हरसाइड आणि आपल्या मांदेलीच्या कुळातली बे अँकोव्ही. दोघांचेही अंग अर्धपारदर्शक. केस जितके विरळ, तितका प्रकाश आरपार जातो. नवा माणूस इथे हमखास जास्त केस बांधतो आणि मग एपॉक्सी कितीही स्वच्छ असले तरी मासा ठोकळा दिसतो.

मग चिकट चिठ्ठीच्या कागदावर दोन्ही ट्यूबमधून थोडे थोडे काढून मिसळतात. सुईच्या टोकाने पहिला थेंब गळाच्या डोळ्यामागे, म्हणजे नायलॉन ओवायच्या छिद्रामागे, ठेवतात आणि केसांच्या कडेने मागे ओढत नेतात. लेप केसांत मुरतो, केस एकमेकांना धरतात आणि बोटांच्या हलक्या चिमटीत ते दोन्ही बाजूंनी चपटे करता येतात. लेप गळाच्या वाकापर्यंत, फार तर किंचित पुढे न्यायचा. त्यापुढचे केस मोकळे सोडायचे, कारण पाण्यात शेपटी हलते ती त्यांच्यामुळे.

इथे सांभाळायच्या दोन जागा आहेत. एक, दांडा आणि टोक यांच्यामधली फट. खाली ओघळलेले एपॉक्सी तिथे साठले की फट बुजते. फ्लाय देखणी दिसते, मासा तोंडात घेतोही, पण टोक त्याच्या जबड्यात शिरायला जागाच उरत नाही. दोन, गळाचा डोळा. त्यात थेंब अडकला तर तो आळण्याआधीच सुईने काढावा लागतो. नंतर नायलॉन ओवायला छिद्र शिल्लक राहत नाही.

लेप बसला तरी तो जागेवर थांबत नाही. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते आणि पृष्ठताण त्याचा गोळा करू पाहतो. म्हणून फ्लाय सतत फिरवत ठेवावी लागते: वाइस फिरता असेल तर त्याच्या मुठीने, नाहीतर मिनिटाला मोजकेच फेरे घेणाऱ्या छोट्या मोटरवर लावलेल्या थर्मोकोलच्या चाकावर. पाच मिनिटांच्या एपॉक्सीत हे हाताने जमते. तीस मिनिटांच्या एपॉक्सीला चाकावाचून गती नाही, पण त्या बदल्यात बुडबुड्यांना बाहेर पडायला वेळ मिळतो आणि लेप स्वतःहून सपाट होतो.

पहिला थर टणक झाला की दोन्ही बाजूंना चिकटणारे डोळे लावतात आणि डोळ्याच्या मागे तांबड्या मार्करने कल्ल्याची छोटी रेघ ओढतात. ही शाई पूर्ण वाळू द्यावी, नाहीतर वरच्या थरात ती पसरते. मग दुसरा, पातळ थर. तो पहिल्यानंतर काही तासांत दिला तर दोन्ही थर रसायनानेच एकमेकांना धरतात. दुसऱ्या दिवशी द्यायचा असेल तर खालचा पृष्ठभाग आधी स्पिरिटने पुसून किंचित खरबरीत करावा लागतो. हाताला कोरडी लागली तरी फ्लाय लगेच पाण्यात जात नाही. पूर्ण बळ यायला दिवसभर थांबावे.

तळ्यातला उपयोग

एपॉक्सीचा दुसरा मोठा वापर इंग्लंडमधल्या जलाशयांत दिसतो आणि तिथे प्रश्न दातांचा नाही, बुडण्याचा आहे. कायरोनोमिड हे डासासारखे दिसणारे पण न चावणारे कीटक तळाच्या चिखलात वाढतात. त्यांचे कोश पाण्यातून सावकाश वर येतात आणि ट्राउट मासा त्यांना वाटेतच टिपतो. या कोशांची नक्कल करणाऱ्या फ्लायला तिथे बझर म्हणतात. वाकड्या गळावर काळ्या धाग्याचे सपाट वेढे, त्यांच्यावर बारीक रुपेरी तारेचे कडे, डोक्याशी नारिंगी ठिपका आणि या सगळ्यावर एपॉक्सीचा एक पातळ थर, एवढीच ती असते.

हा थर दोन कामे करतो. एपॉक्सी पाण्यापेक्षा जड असते आणि गुळगुळीत अंगाला पाणी अडवत नाही. त्यामुळे पिसांची फ्लाय जिथे रेंगाळते तिथे ही फ्लाय सरळ खाली उतरते. दुसरे काम चकाकीचे. खऱ्या कोशाच्या कातडीखाली वायू साठलेला असतो आणि त्यामुळे तो झळकतो. लेपामुळे खालच्या तारेला तशीच खोल चमक येते. सर्फ कँडीत एपॉक्सी अंग होते, बझरमध्ये कातडी. कोलोरॅडोच्या जॉन बारने घडवलेल्या कॉपर जॉन या प्रसिद्ध फ्लायमध्ये तर ते फक्त पाठीवरच्या एका थेंबापुरते येते.

पिवळेपणा, त्वचा आणि प्रकाश

एपॉक्सीचे दोष काही कमी नाहीत. बिस्फेनॉल-ए मधली बेंझिनची वलये अतिनील प्रकाश शोषतात, हळूहळू बदलतात आणि लेप पिवळा पडतो. झटपट एपॉक्सी लवकर पिवळे पडते. फ्लायची पेटी बंद ठेवली, सावलीत ठेवली तर हे लांबते, टळत नाही.

त्वचेचा दोष जास्त गंभीर. कच्ची राळ आणि हार्डनर वारंवार त्वचेला लागले तर अ‍ॅलर्जी होऊ शकते. ती एकदा झाली की सहसा जन्मभर राहते आणि पुढे थोड्याशा स्पर्शानेही खाज आणि पुरळ उठते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि हाताला लागलेले एपॉक्सी साबण-पाण्याने धुवावे. अ‍ॅसिटोनने पुसले तर ते पातळ होऊन त्वचेत अधिक शिरते.

गेल्या दशक-दीड दशकात अतिनील दिव्याखाली घट्ट होणाऱ्या राळांनी या टेबलावरची बरीच जागा घेतली आहे. त्यांत मिसळायचे काही नसते. हवा तेवढा वेळ आकार द्यायचा आणि मग दिव्याचा प्रकाश पाडायचा. काही सेकंदांत काम होते. वेळेची गुलामी संपते, हा त्यांचा मोठा गुण. पण त्यांची क्रिया प्रकाशावर चालते, त्यामुळे गडद केसांच्या दाट जुडीत किंवा अपारदर्शक थराखाली प्रकाश पोहोचला नाही तर आतली राळ कच्ची राहते. हवेतला ऑक्सिजनही वरच्या थराची क्रिया रोखतो, म्हणून पुष्कळ राळांचा पृष्ठभाग चिकट उरतो आणि तो स्पिरिटने पुसावा लागतो. एपॉक्सीला प्रकाश लागत नाही आणि ऑक्सिजनचे त्याला वावडे नाही. जिथे नीट मिसळलेला थेंब पोहोचतो तिथे ते खोलवरही टणक होते.

म्हणून निवड कामावरून करावी. एकदोन फ्लाय करायच्या असतील, अंग पातळ आणि पारदर्शक असेल, तर दिव्याची राळ सोयीची. केस दाट असतील, अंग जाड असेल, गाठी दातांपुढे टिकवायच्या असतील किंवा एका बैठकीत डझनभर बझर चाकावर लावायच्या असतील, तर दोन ट्यूबचे जुने एपॉक्सी आजही सरस आणि स्वस्त आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने नाव ऐकून पाच मिनिटांचे घेऊ नये; तीस मिनिटांचे घ्यावे, तीन-चार फ्लायपुरतेच मिसळावे आणि मिसळलेल्यातला थोडा भाग कागदावर तसाच ठेवावा. फ्लायला बोट लावण्याआधी त्या कागदावरच्या थेंबाला काडी लावून पाहावी. तो टणक झाला नसेल, तर फ्लायही झालेली नाही.